अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका!

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड, असा नियम होता. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या दंडात वळत्या करून घ्याव्यात ही नम्र विनंती. बऱ्याचशा चुका माझ्या रूममेटने आधीच काढल्या आहेत. गंमत म्हणजे मराठी ही त्याचीही घरची भाषा नाही. त्याच्या घरी माडिया बोलतात. हा लेख बराचसा त्याच्याबद्दलच आहे, पण सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल.

त्याचं असं झालं. परवा रात्री मेसमध्ये नेहमीप्रमाणे वाद पेटला. फायनल इयरच्या एका सीनियरचा अमेरिकेतला प्रवेश नक्की झाला होता आणि तो पार्टी देणार की नाही यावर चर्चा चालू होती. कोणीतरी म्हणालं, "आता काय बाबा, इतक्या लांब जाणार, आम्हाला विसरणार!" त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "लांब कसलं? भामरागडपेक्षा जवळच आहे." सगळे हसले. बोलणारा अर्थातच माझा रूममेट. हॉस्टेलवर त्याला सगळे 'गडचिरोली' म्हणतात. मीही हसलो. पण रात्री झोप येईना, म्हणून वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मित्रांनो, तो बरोबर होता. कसा, ते सांगतो.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती? इंटरनेटवर विचारलं तर एका सेकंदात उत्तर मिळतं, सुमारे १२,५३० किलोमीटर. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी गोल धरायची आणि त्रिकोणमितीतलं सूत्र लावायचं. मी हाताने करून पाहिलं, आलं. (वायवाला का येत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

पण हे अंतर कुठल्या रस्त्याने? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढा. रेघ अरबस्तान, आफ्रिकेचं उत्तर टोक आणि अटलांटिक असं करत पश्चिमेला जाते. दिसायला हा सगळ्यात जवळचा रस्ता. प्रत्यक्षात त्या रेघेची लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर! म्हणजे 'सरळ' गेलात तर सोळा-सतराशे किलोमीटरचा भुर्दंड. लायब्ररीत कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल आहे ना, तो खाली काढा आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईहून पश्चिमेला जातच नाही. तो जवळजवळ उत्तरेकडे निघतो, उत्तरेपासून फक्त २७ अंश डावीकडे. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया असं करत तो पार ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आइसलँडच्या पूर्वेच्या समुद्रापर्यंत चढतो, आणि मग ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडावरून खाली उतरतो. न्यूयॉर्कला जायला बर्फाच्या प्रदेशाजवळून जावं लागतं हे आपल्याला भूगोलाच्या तासाला कोणी सांगितलं होतं?

आता वेळ. इथे तर आणखी धमाल आहे. समजा उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री एक वाजता सुटलं आणि त्याच तारखेला सकाळी सात वाजता न्यूयॉर्कला उतरलं. तिकिटावर बघणाऱ्याला वाटेल, सहा तासांत अमेरिका! परतीचं विमान तिथून सकाळी अकराला सुटलं आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला उतरलं. म्हणजे साडेतेवीस तास! एकच रस्ता, जाताना सहा तास आणि येताना साडेतेवीस?

उत्तर सोपं आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा). जाताना ते साडेनऊ तास गायब होतात आणि येताना व्याजासकट वसूल होतात. खरा प्रवास जाताना साडेपंधरा तासांचा आणि येताना चौदा तासांचा. घड्याळांचा फरक माहीत नसला तरी बिघडत नाही, सहा आणि साडेतेवीस यांची सरासरी काढा. पावणेपंधरा तास येतात, आणि साडेपंधरा व चौदा यांचीही सरासरी तीच! मग जाता-येता दीड तासाचा फरक का? तर वर, नऊ-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेहून येताना हा वारा पाठीशी घेता येतो. जाताना त्याला शक्यतो चुकवायचं असतं, पण पूर्ण चुकवता येत नाही.

एवढंच नाही. अंतर तेच राहून वेळ एका रात्रीत बदलू शकते. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद झाली, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. पृथ्वी तेवढीच गोल होती. अक्षांश-रेखांश हलले नव्हते. सूत्रातलं उत्तर तेच येत होतं. फक्त जमिनीवरच्या एका निर्णयाने आकाशातला रस्ता लांब झाला. म्हणजे किलोमीटर हा नुसता आकडा आहे. माणूस कधी पोहोचतो, हे तो आकडा सांगत नाही.

हे मला पुस्तकातून नाही, घरातूनच कळलं. २०२४ चा जुलै. आम्ही नुकतेच सेकंड इयरला आलो होतो. ठाण्याला आजीला अचानक दवाखान्यात हलवलं. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, न्यू जर्सीला असतो. आजीने त्याला लहानाचा मोठा केला. काकांनी त्याला रात्री साडेदहाला फोन केला. तिथे दुपारचा एक वाजला होता. त्याने ऑफिसात जाऊन सांगितलं. साहेबाने एकच प्रश्न विचारला, "घरी कधी पोहोचशील?" संध्याकाळी नऊच्या विमानात जागा मिळाली, मध्ये आखातात एक थांबा, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला तो दारात उभा होता. काकांच्या फोनपासून मोजलं तर साडेअठ्ठावीस तास. आजीने त्याला ओळखलं, त्याच्या हातून दोन चमचे पेज घेतली, आणि पुढच्या दिवशी संध्याकाळी ती गेली. दादा वेळेवर पोहोचला. घरात सगळे आजही म्हणतात, "एवढ्या लांबून आला, पण आला हो!"

मी चार दिवसांनी हॉस्टेलला परत आलो तर रूमला कुलूप. रूममेटचा पत्ता नाही.

त्याचं घर भामरागडला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला. पुण्यापासून सरळ रेषेत अंतर सुमारे सातशे किलोमीटर, म्हणजे न्यूयॉर्कच्या अठराव्या हिश्श्याएवढं. तो घरी कसा जातो ते ऐका. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर. नागपूरहून एसटीने गडचिरोली. तिथून दुसरी एसटी आलापल्लीला. आणि आलापल्लीहून जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर भामरागड. सगळं जुळलं तर अठ्ठावीस-तीस तास. म्हणजे आमच्या दादाला न्यू जर्सीहून ठाण्याला यायला, तिकीट शोधण्यापासून सगळं धरून, जेवढा वेळ लागला तेवढाच! मेसमध्ये आपण ज्यावर हसलो ते हे.

आणि सगळं जुळलं नाही तर? त्याच जुलैमध्ये त्याच्या वडिलांना ताप भरला आणि ते तापात बरळायला लागले, असा निरोप आला. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तो हॉस्टेलमधून निघाला. बुधवारी रात्री आलापल्लीला पोहोचला. गुरुवारी सकाळी एका जीपने नदीपर्यंत गेला. भामरागडच्या वेशीवर पर्लकोटा नदी आहे. पूल पाण्याखाली गेला होता. दर पावसाळ्यात तिथे हे होतं, त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. तो अलीकडे उभा. पलीकडे गाव दिसतंय, गावात ग्रामीण रुग्णालय आणि रुग्णालयात वडील. मध्ये जेमतेम काहीशे मीटर पाणी. तिथे तो गुरुवारचा दिवस आणि रात्र थांबला. शुक्रवारी दुपारी पाणी उतरलं तेव्हा पलीकडे गेला. एकूण सदुसष्ट तास. वडील वाचले. मलेरिया होता, उपचार वेळेवर मिळाले. देवाची कृपा आणि तिथल्या डॉक्टरांचीही.

मी आकडेमोडीचा विद्यार्थी, त्यामुळे भागाकार केल्याशिवाय राहवलं नाही. दादाचा सरासरी वेग, थांबे आणि धावपळ धरून, ताशी सुमारे ४४० किलोमीटर. रूममेटचा ताशी साडेदहा किलोमीटर. यापेक्षा जास्त वेगाने आपण सायकलवरून टपरीवर जातो.

इथपर्यंत कोणाचाच दोष नव्हता. पाऊस कोणाच्या हातात आहे? पुढची गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्या हॉस्टेलच्या सुट्टीच्या अर्जात एक रकाना आहे, 'घरापर्यंतचे अंतर (कि.मी.)'. आठशेच्या आत असेल तर सुट्टीशिवाय प्रवासाचा एक दिवस मिळतो, वर असेल तर दोन. रूममेटने अर्ज दिला तेव्हा अंतर पडताळून पाहण्यासाठी संगणकावर 'पुणे ते भामरागड' टाकलं गेलं. भामरागड यादीत सापडलं नाही, म्हणून जिल्ह्याचं नाव टाकलं. उत्तर आलं, विमान अंतर ६७० किलोमीटर, प्रवासाचा वेळ १ तास २० मिनिटं!

आता गडचिरोलीला पुण्याहून प्रवासी विमान जातं का? नाही. मग १ तास २० मिनिटं आली कुठून? सोप्पं आहे. असला प्रोग्रॅम आपल्यापैकी कोणीही अर्ध्या तासात लिहील. अंतर काढा, ताशी ८०० ने भागा, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा. मी न्यूयॉर्कसाठी हेच करून पाहिलं, सोळा तास दहा मिनिटं आली. म्हणजे जवळपास बरोबर! तेच सूत्र, तोच भागाकार. न्यूयॉर्कच्या बाबतीत खरं बोलणारं सूत्र गडचिरोलीच्या बाबतीत चक्क खोटं बोलतं, कारण त्यात धावपट्टी गृहीत धरलेली आहे. सर आपल्याला प्रत्येक गणितात 'असम्पशन्स' आधी लिहायला लावतात ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

तर प्रवासाचा एक दिवस मंजूर झाला. चार अधिक एक, पाच दिवस. तो आठव्या दिवशी परत आला. तीन दिवस विनापरवानगी गैरहजर, दोन प्रॅक्टिकल बुडाली, टर्मवर्कचे मार्क गेले. ते ठीक आहे, मार्क काय, जातात येतात. पण त्याच्याकडून एक माफीपत्र लिहून घेतलं. छापील नमुना असतो. त्यात वाक्य आहे, 'माझ्या निष्काळजीपणामुळे मी मुदतीत परत येऊ शकलो नाही.' त्याने सही केली. मी शेजारी उभा होतो. आदल्या आठवड्यात पुराच्या काठावर रात्र काढलेल्या मुलाने 'निष्काळजीपणा' या शब्दाखाली सही केली आणि पेन परत देताना "थँक यू सर" म्हणाला. मी काहीच बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

ऑफिसमधल्या कोणावर माझा राग नाही, हे आवर्जून सांगतो. ज्यांनी अर्ज घेतला त्यांनी नियमाप्रमाणेच केलं, आणि नंतर त्याच्या वडिलांची चौकशीही केली. चूक त्या रकान्याची आहे. रकाना चुकीचा प्रश्न विचारतो, मग उत्तर बरोबर कसं येणार?

आता काही जण म्हणतील, यात भेदभाव वगैरे काही नाही. न्यूयॉर्कला रोज हजारो लोक जातात, पैसे मोजतात, म्हणून विमानं आहेत. भामरागडला कोण जातं? मुद्दा मला मान्य आहे. थोडा इतिहास पाहिला तर तो पटतोही. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं, तेव्हा त्याला कैरो आणि जिनिव्हाला थांबावं लागलं होतं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत सेवा सुरू झाली. २००७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई-न्यूयॉर्क विना थांबा विमान सुरू झालं. या प्रवासासाठी माणसाने काय काय केलं बघा! बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साडेतीनशे टन, आणि टाक्यांमध्ये बसणारं इंधन सुमारे १४५ टन. म्हणजे काही माणसं आणि त्यांच्या बॅगा उचलण्यासाठी आधी एवढं इंधन उचलायचं. इंजिनियर म्हणून मला याचा अभिमानच वाटतो. साठ वर्षांत आपण मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातले सगळे थांबे काढून टाकले.

पण याचा अर्थ असा की अंतर कमी होतं ते माणूस कमी करतो म्हणून. जिथे ते कमी झालेलं नाही, तिथल्या मुलाला निदान जास्त वेळ तरी द्या! मी भामरागडला विमानतळ मागत नाही. तो माझ्या हातातही नाही आणि रेक्टर सरांच्याही नाही. मी फक्त एक रकाना बदलायला सांगतो आहे. 'अंतर (कि.मी.)' खोडा आणि तिथे लिहा, 'घरी पोहोचण्यास लागणारा वेळ (तास)'.

दुसरा आक्षेप. मुलं खोटे तास लिहितील. लिहितील ना! मी स्वतः ठाण्याचा. दीडशे किलोमीटर, चार तास. मी 'घाटात ट्रॅफिक' म्हणून आठ लिहू शकतो. यावर उपाय आहे. प्रवेश घेताना प्रत्येकाने एकदाच आपला प्रवास टप्प्याटप्प्याने लिहून द्यावा, कुठून कुठपर्यंत रेल्वे, कुठून एसटी, पुढे जीप की पायी. दिवाळीला घरी जाऊन आल्यावर तिकिटं जोडावीत. बारा तासांपर्यंत अर्धा दिवस, चोवीसपर्यंत एक, त्यापुढे दोन, आणि पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावांसाठी वेगळी खूण. एवढं एका तक्त्यात बसतं. तो तक्ता करायला आमच्या वर्गातली चार मुलं तयार आहेत, कोणी टर्मवर्कचे मार्क दिले नाहीत तरी चालेल. आणि हा प्रश्न फक्त एका रूमचा नाही. आपल्याच हॉस्टेलमध्ये धडगावचा मुलगा आहे, मेळघाटातला आहे. विचारून बघा त्यांना, शेवटचे पन्नास किलोमीटर किती तासांचे असतात.

आणि हो, त्या छापील माफीपत्रातलं वाक्यही बदला. कारण लिहायला कोरी जागा सोडा. ज्याचा निष्काळजीपणा असेल तो लिहील, ज्याच्या वाटेत नदी असेल तो नदी लिहील.

हा लेख मी आधी रूममेटला वाचून दाखवला. 'माडिया' हा शब्द मी चुकीचा लिहिला होता, तो त्याने दुरुस्त केला. मग विचारलं, छापायला देऊ का? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दे. पण माफीपत्राचं लिहिलंस ते बाबांना कळायला नको. त्यांना वाटतं मी त्या वेळी रीतसर सुट्टी घेऊन आलो होतो."

तेव्हा वाचकहो, अंक घरी पाठवणार असाल तर पाठवा, फक्त भामरागडची प्रत तेवढी आमच्या रूमवरच राहील. आणि पुढच्या वेळी कोणी 'लांब राहतो' असं म्हणालं, तर किती किलोमीटर ते विचारू नका. किती वेळ लागतो ते विचारा.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकी